मोजमापांवरून ध्वनियंत्रणेची प्रत कळते का?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत ऐकण्यासाठी नवा अँप्लिफायर आणि स्पीकरची जोडी घ्यायची आहे. एका अँप्लिफायरची विकृती (मूळ आवाजात पडणारी भेसळ) ०.००१ टक्के आहे, तर दुसऱ्याची ०.१ टक्के; दुकानदार मात्र दुसराच ‘गोड’ वाजतो, असे सांगतो. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणझणता नाद, नीट उलगडेल की नाही, हे अशा आकड्यांवरून ठरवता येते का?

उत्तर (मडगाव)
०.१ टक्का विकृती म्हणजे मूळ ध्वनीपेक्षा ६० डेसिबल खाली, आणि गाणे चालू असताना ती बहुधा झाकली जाते. दोन्ही अँप्लिफायरना आपले स्पीकर चालवण्याइतकी ताकद असेल, तर जास्त पैसे स्पीकरवर खर्च करावेत. तुलना करताना दोघांची पातळी मीटरने समान करून घ्या; किंचित मोठ्याने वाजणारा बहुधा सरस वाटतो, आणि दुकानातला ‘गोडवा’ पुष्कळदा एवढाच असतो.

उत्तर (म्हापसा)
स्पीकरच्या बाबतीत मोजमापांची बाजू लोक समजतात त्याहून भक्कम आहे. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडात स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांची पसंती तपासली, तेव्हा समोर सपाट (म्हणजे खालच्या-वरच्या सर्व स्वरांना सारख्याच पातळीचा) आणि बाजूंना एकसारखा आवाज देणारे स्पीकर वरचढ ठरले. पुढे शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या केवळ मोजमापांवरून श्रोत्यांनी दिलेल्या गुणांचे भाकीत केले, आणि दोहोंचा सहसंबंध ०.८६ आला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). माहितीपत्रकावर मात्र बहुधा ‘४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ एवढेच छापलेले असते, त्यावरून काहीच कळत नाही. कोणत्या हर्ट्झला आवाज किती, हे दाखवणारे समोरचे आणि बाजूंचे असे दोन्ही आलेख मागून घ्यावेत. जवारी म्हणजे वरच्या स्वरांशांची (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांची) दाट गर्दी असल्याने त्या पट्ट्यात आलेखाला उंचवटे असले, तर तानपुरा पत्र्यासारखा वाजतो.

आणि खोली मोजायला विसरू नका. चिऱ्याच्या भिंती, गिलावा आणि उघडी फरशी असलेली खोली चार मीटर लांब असेल, तर सुमारे ४३ आणि ८६ हर्ट्झवर आवाज घुमतो, आणि डग्ग्याची घुमारी त्यात फुगते. मोजणीचा माइक बसण्याच्या जागी ठेवून मोफत सॉफ्टवेअरवर पाहिले की ते लगेच दिसते.

उत्तर (डिचोली)
वरील सर्व मान्य, पण कोणता दोष आपल्याला खटकतो हे आलेख सांगत नाही. केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्या ऐकणार असाल, तर निर्दोष स्पीकर त्यांची खरखरही तितक्याच प्रामाणिकपणे ऐकवील. मोजमापांवरून दोन-तीन जोड्या निवडाव्यात, त्यानंतर आपल्याच तबकड्या घरी लावून निर्णय घ्यावा.