मदत हवी आहे: मामेबहिणीच्या हुंडाबळीच्या खटल्यात फिर्यादीकडून काय करता येईल?

नमस्कार मंडळी. माझी मामेबहीण एप्रिल 2024 मध्ये सासरी जळून गेली. लग्नाला पाच वर्षंही झाली नव्हती. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची, म्हणून गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या 304-ब (हुंडाबळी) आणि 498-अ (सासरचा छळ) कलमांखालीच आहे, त्या तारखेपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 80 आणि 85 खाली नाही. आता साक्षी सुरू होतील.

लग्नानंतर सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू आणि मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ, एवढं सिद्ध झालं की कोर्ट हुंडाबळी गृहीत धरतं, हे वाचलंय. घोडं अडलंय ते "थोडं आधी" या शब्दांवर. गाडीसाठी पैसे आणायचा तगादा ती आईला फोनवर रडत सांगायची, पण शेवटचा स्पष्ट मेसेज मृत्यूच्या तीन महिने आधीचा आहे. मामींना आजही वाटतं, तेव्हाच तिला घरी आणायला हवं होतं. त्यांना साक्षीला उभं करायचं म्हणजे माझाच जीव गलबलतो.

असा खटला कोणी जवळून पाहिला आहे का? तीन महिन्यांचं अंतर बचाव पक्षाने कसं वापरलं? मेसेज तिच्या मोबाइलमध्ये आहेत आणि तो पोलिसांकडे जप्त आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र कोणाकडून घ्यायचं? सरकारी वकिलांच्या मदतीला आमचा वकील देता येतो, तर त्याचा प्रत्यक्षात कितपत उपयोग होतो? आणि तिला मूल नव्हतं, तेव्हा स्त्रीधन आईवडिलांना परत मिळवायला वेगळा अर्ज लागतो का?

कृपया अनुभवाचं सांगा. समेटाचे सल्ले नकोत.