सल्ला हवा आहे : ग्वांगझूच्या सुरुवातीच्या उन्हाळ्यात आईसाठी कोणते चिनी उपाय करावेत?

सांगलीकर :

नमस्कार. नोकरीनिमित्त मी ग्वांगझू येथे राहतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आई सांगलीहून येत असून ती जूनअखेरपर्यंत इथे राहील. तिचे वय ६७ आहे, ती शाकाहारी आहे आणि रक्तदाबासाठी तिला रोज दोन गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांपैकी एक लघवीचे प्रमाण वाढवणारी आहे. सांगलीचे ऊन तिच्या अंगवळणी पडलेले आहे. इथे मात्र पारा ३३ अंशांवरच असला तरी हवा इतकी दमट असते की अंगावरचा घाम वाळत नाही, जेवणावरची वासना उडते आणि दिवसभर अंग जड वाटते. शेजारपाजारचे लोक आपुलकीने लिआंगछा म्हणजे काढ्यांच्या दुकानातला चहा, मुगाचे सूप, ग्वाशा (त्वचा घासून करायचा उपाय) आणि पाठीवर लावायचे लेप असे अनेक उपाय सुचवतात. यांपैकी आईच्या प्रकृतीला झेपेल असे काय आहे आणि कशापासून लांब राहावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मोतीनदी :

आईंचे येणे नेमके लीश्याच्या सुमारास आहे. चिनी पंचांगात वर्षाचे चोवीस सौर टप्पे पाडलेले आहेत (युनेस्कोने २०१६ मध्ये त्यांना अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले) आणि ५ किंवा ६ मे रोजी येणाऱ्या लीश्यापासून उन्हाळा सुरू झाला असे मानतात. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन वैद्यकग्रंथात उन्हाळ्याच्या तीन महिन्यांसाठी दिलेली दिनचर्या आजही इथल्या वृद्धांच्या तोंडी असते : रात्री थोडे उशिरा झोपावे, पहाटे लवकर उठावे, उन्हाचा तिटकारा करू नये, राग आवरावा आणि घाम येऊ द्यावा. उन्हाळा हा हृदयाचा ऋतू मानला जात असल्यामुळे मन शांत ठेवण्यावर एवढा भर आहे. रात्रीची झोप कमी होते, ती सकाळी ११ ते दुपारी १ या वेळात थोडी वामकुक्षी घेऊन भरून काढतात. आपल्या ज्येष्ठांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

आता आहाराविषयी. ग्वांगडाँगमधील, म्हणजे ग्वांगझू ज्या प्रांतात आहे तिथले, लोक नुसत्या उष्णतेचा विचार करत नाहीत. उष्णता आणि ओल या दोन्ही एकदम शरीरात साचतात, असे ते मानतात. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत कोसळणारा पाऊस, ज्याला इथे नागनौकांचे पाणी म्हणतात, तो ही ओल आणखी वाढवतो. त्यामुळे बर्फाचे पाणी पिऊन भागत नाही, उलट त्याने पोट मंदावते अशी त्यांची धारणा आहे. त्याऐवजी कोहळा सालीसकट मोठ्या फोडी करून, यीमी नावाचे पांढरे फुगीर धान्य आणि लाल चवळीसारखे छोटे दाणे घालून तास-दीड तास मंद आचेवर उकळतात. बाजारात मिळणाऱ्या सूपमध्ये बहुधा डुकराची हाडे किंवा बदक असते, म्हणून आईंसाठी ते घरीच करावे. आल्याचा एक तुकडा आणि चिमूटभर मीठ एवढे त्याला पुरते. कारले इथेही उन्हाळ्यात भरपूर खातात, कारण कडू चव ही हृदयाची आणि उन्हाळ्याची चव मानली जाते.

हिरव्या मुगाचे सूप दोन प्रकारे करतात. उन्हाचा दाह कमी व्हावा म्हणून प्यायचे असेल, तर मूग थोडा वेळच उकळून, ते फुटण्याआधी वरचे हिरवे पाणी गाळून घेतात. कँटनी, म्हणजे इथल्या स्थानिक लोकांच्या, घरांत मात्र मूग पूर्ण शिजवून त्यात समुद्रशेवाळाच्या पट्ट्या, खडीसाखर आणि सतापाची डहाळी घालतात. होय, आपल्याकडे बाळांसाठी परसात लावतात तोच सताप. पहिल्या घोटाला त्याचा वास नकोसा वाटतो, पण आईंना तो ओळखीचा वाटेल.

तळ्याकाठी :

मी हांगझूमध्ये राहतो, त्यामुळे इकडची पद्धत थोडी निराळी आहे. लीश्याच्या दिवशी मुलांच्या गळ्यात रंगीत जाळीत उकडलेले अंडे अडकवतात आणि उन्हाळ्यात वजन घटू नये म्हणून माणसांना तराजूवर तोलण्याची जुनी रीतही आहे. आईंना उपयोगी पडेल अशी गोष्ट म्हणजे आले. हिवाळ्यात मुळा आणि उन्हाळ्यात आले खावे, असे इथे म्हणतात, कारण उन्हाळ्यात शरीराची ऊब बाहेरच्या बाजूस येते आणि पोट आतून गार पडते असे मानले जाते. आल्याचे पातळ काप सकाळच्या पेजेबरोबर द्यावेत. रात्री आले टाळतात. बीजिंगकडचे स्वानमेइथांग, म्हणजे धुरावलेल्या आंबट आलुबुखारासारख्या फळांचे सरबत, आपल्या कोकम सरबताच्या जवळ जाते. ते बाटलीतले न घेता घरी साखर कमी घालून करावे.

औषधनिर्माता :

वरील आहारविषयक सल्ल्याला माझी हरकत नाही. मात्र समुद्रशेवाळात आयोडीन फार असते, त्यामुळे थायरॉइडचा त्रास असल्यास ते वगळावे. लिआंगछाविषयी मला अधिक काळजी वाटते. रस्त्यावर पेल्याने विकला जात असला तरी तो सरबत नसून काढा आहे. त्यात घरोघरी निरनिराळी द्रव्ये पडतात आणि त्यांपैकी एक बहुधा ज्येष्ठमध असते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन शरीरात सोडियम व पाणी साठवते, पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब वाढवते. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी पोटॅशियम आधीच कमी होत असते. त्यात हा काढा रोज घेतला, तर स्नायू दुबळे पडण्यापासून हृदयाचे ठोके अनियमित होण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. लाल डब्यात तयार मिळणाऱ्या वांगलाओजी या लिआंगछामध्येही ज्येष्ठमध आहे, शिवाय साखरही पुष्कळ आहे. तेव्हा आईंनी लिआंगछा पिऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवंतीच्या सुक्या फुलांचा नुसता चहा चालेल.

‘हुओश्यांग झंगछी श्वे’ या छोट्या कुप्या उन्हाच्या त्रासावर सर्रास दिल्या जातात. त्यांत ४० टक्क्यांहून अधिक मद्यार्क असतो आणि मेट्रोनिडाझोल किंवा सेफॅलोस्पोरिन गटातील काही प्रतिजैविकांबरोबर त्या घेतल्यास गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. ग्वाशामध्ये त्वचा घासून लाल-जांभळे वळ उठवतात. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास तो करू नये. आईंना ॲस्पिरिन वगैरे चालू आहे का, हे आपण लिहिलेले नाही.

पाणी आणि मीठ किती घ्यावे, हे त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे, कारण उन्हाळ्यात या गोळ्यांची मात्रा कधी कधी बदलावी लागते. अंग तापून त्या असंबद्ध बोलू लागल्या किंवा त्यांची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी कोणताही काढा पाजू नये. १२० क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून जोरात वारा घालावा.

सांगलीकर :

सर्वांचा आभारी आहे. ॲस्पिरिन चालू नाही, तरीही ग्वाशाचा विचार मी सोडला आहे. आईला सकाळी फिरण्याची सवय आहे, त्यामुळे बागेतील व्यायामप्रकारांत तिला सामील होता येईल का? आणि लेपांविषयी कोणी काही लिहिलेले नाही.

मोतीनदी :

लेप सानफूच्या काळात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतच्या सर्वांत कडक दिवसांत लावतात. त्यात पांढरी मोहरी असते, तिने कातडीवर फोड येऊ शकतात आणि तो उपाय मुख्यतः हिवाळ्यातील दमा-खोकल्यासाठी केला जातो. आई तोपर्यंत परतलेल्या असतील, तेव्हा तो प्रश्नच उरत नाही.

व्यायामासाठी बादुआनजिन सुचवतो. उभ्याने करायच्या आठ संथ हालचाली असतात आणि सगळा क्रम साधारण पाव तासात होतो. युएश्यू किंवा लिऊहुआ तळ्याच्या बागेत सकाळी ज्येष्ठांचे गट दिसतात; मागच्या रांगेत उभे राहून अनुकरण केले तरी कोणी हटकत नाही. पुढे फार वाकण्याची हालचाल आईंनी अर्ध्यावरच थांबवावी, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे एकदम वर येताना चक्कर येऊ शकते. साडेसातच्या आत घरी परतावे. सताप आपल्या बाजारात मिळाला नाही, तर ताज्या भाज्या विकणाऱ्या बायकांना ‘छौछाओ’ म्हणून विचारावे. त्या बहुधा दुसऱ्या दिवशी आणून देतात.