लिहायला वेळ दिवाळीतच मिळतो

कोजागिरीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत घर सांभाळणारीने लेखन बाजूलाच ठेवावं, असं काही जण म्हणतात, ते मत मला अजिबात पटत नाही. धांदल असते हे खरंच. पण बहुतेक दिवाळी अंक साहित्य पावसाळ्यातच मागवून घेतात, त्यामुळे आश्विन-कार्तिकात जे लिहू त्यावर कुणाच्या मुदतीचा धाक नसतो. कच्चा खर्डा करायला मला तरी हाच काळ सगळ्यांत मोकळा वाटतो.

आता वेळ कसा काढायचा, तर आमच्या इंदूरच्या घरातली रीत सांगते. थंडी पडली की बाजारात गराडू हा कंद येतो. सोलताना हात खाजतात म्हणून आधी तेल चोळायचं, मग तुकडे तळायचे, निवले की पुन्हा कुरकुरीत तळून वर जिरावन मसाला आणि लिंबू. तेलकट हातांनी वही कुठली धरणार! मी गोष्ट बोलत जाते आणि लेक वाण्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने उतरवून घेते. सासूबाई मध्येच म्हणतात, "अगं, असं कोण बोलतं घरात?" आणि तो संवाद तिथल्या तिथे बदलतो. एकटीने लिहिताना कृत्रिम वाक्य खपून जातं, ऐकणाऱ्याला ते लगेच खटकतं. संवादात अडणाऱ्यांनी हे जरूर करून बघा.