पळणारे लोक जिममध्ये लेग का मारत नाहीत?

जांभादगड:
आमच्या रत्नागिरीत कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी जाऊन बघा, सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर पळणारे सगळे तिथे वरचंच अंग करत असतात, चेस्ट, खांदे, बायसेप, शेवटी जरा पोटाचं आणि चालले घरी. पायाचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "पाय रोज पळतातच की." मला हे पटत नाही म्हणून धागा काढतोय. पळताना पायावर भार येतो तो मध्यम, तोच तोच, आणि गुडघा थोडासाच वाकतो. त्यातून दम वाढतो, ताकद मात्र एका ठिकाणी येऊन थांबते. आणि प्रत्येक पावलाला एका पायावर अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोर येतो तो झेलणार कोण, बायसेप? वेळ कमी असेल तर वरचं कमी करा, स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) ठेवा. बोला आता.

रापणकर:
बेंच (आडवं पडून छातीचा व्यायाम) बंद केलंय तर आरशात काय बघूचा? माका नाय पटत.
आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आपण काय ऑलिम्पिकला चाललोय का, नोकरी सांभाळून आठवड्यातून चार दिवस पळायला मिळतं, त्यात लेग मारले की पुढचे दोन दिवस पाय असे भरतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो, मग पळणार कधी. आणि मालवणात राहून लेग प्रेस कशाला हवा, बंदरावरून सड्यावर जाणारा कुठलाही रस्ता घ्या आणि आठ वेळा वर पळा, झाले पाय. आमच्याकडे म्हातारी माणसं माडावर चढायची, त्यांना कोण लेग डे सांगत होता.

जांभादगड:
माडावर चढणं म्हणजे स्वतःचं वजन पायाने वर ढकलणंच आहे, म्हणजे तू माझ्याच बाजूने बोललास.
चढ चांगलाच, नाही म्हणत नाही. पण चढावर पायाआधी छाती फुलते आणि थांबायला लागतं, ताकद लागायची ती अर्धीच लागते. आणि पाय भरतात ते सुरवातीचे दोनतीन आठवडे, मग शरीराला सवय होते. तुम्ही लोक महिन्यातून एकदा जोशात येऊन शंभर बैठका मारता आणि मग म्हणता लेग डे वाईट.

कातळशिल्प_खेड:
दोघेही अंदाजाने बोलताय, जरा अभ्यासातलं सांगतो.
हिक्सन नावाच्या संशोधकाने 1980 साली दहा आठवड्यांचा प्रयोग केला, एक गट फक्त वजनं, एक फक्त दमाचा व्यायाम, एक दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची पायाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग अडकली आणि शेवटी उतरायला लागली. ह्यावरूनच "दोन्ही एकत्र करू नका" हे जिममध्ये पसरलं. पण त्याच प्रयोगात दमाचं काही बिघडलं नव्हतं, ते कोण सांगत नाही! म्हणजे तोटा झाला तर वजनं उचलणाऱ्याचा.
उलट 2008 मध्ये नॉर्वेत स्टोरेन आणि सहकाऱ्यांनी सराव असलेल्या रनर्सना आठवड्यातून तीनदा हाफ स्क्वॉट (अर्धी बैठक) दिले, चार सेट, प्रत्येक सेटमध्ये चारच वेळा पण जड, आठ आठवडे. त्याच वेगाने पळायला लागणारा ऑक्सिजन साधारण 5 टक्क्यांनी कमी झाला, आणि अंगाचं वजन वाढलं नाही. मांड्या जाड होतील ही भीती घालणाऱ्यांनी हे वाचावं.

रापणकर:
सराव असलेले रनर म्हणालास ना, तिथेच विषय संपला. त्यांचं पळणं आधीच भरपूर होतं म्हणून त्यांना वरून काहीतरी लागलं. माझ्यासारखा तासाभरात कसाबसा दहा किलोमीटर करणारा, त्याने मिळालेला तास पळण्यातच घातला तर जास्त फायदा, ह्यात काय चुकलं?

कातळशिल्प_खेड:
हे मात्र बरोबर आहे. पण मग तो तास बेंचवर कशाला घालतोस.

रापणकर:
ते शर्टासाठी.

निशिगंध७:
मी बाई आहे आणि पळते, म्हणून वेगळं बोलते. तुम्ही सगळे स्क्वॉट स्क्वॉट करताय पण पळताना सगळ्यात जास्त राबते ती पोटरी, त्यातही आतला स्नायू, सोलियस, त्याच्यावर वजनाच्या सहापट वगैरे जोर येतो म्हणतात, आणि बसून, गुडघा वाकवून टाच वर-खाली केली की त्याला जास्त काम पडतं. स्क्वॉटमध्ये त्याला फारसं काम नाही. आपल्याकडे भरतीच्या वेळी घट्ट वाळू पाण्याखाली जाते मग लोक वरच्या भुसभुशीत आणि उतरत्या वाळूत पळतात, टाच खोल रुतते, पोटरीची वाट लागते, मग टाचेच्या शिरेचं दुखणं घेऊन बसतात. अल्फ्रेडसनने 1998 मध्ये ह्याच दुखण्यासाठी पायरीच्या काठावर टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम दिला, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, नंतर पाठीवर वजन घेऊन. जिम लागत नाही हो, घराची पायरी आणि पाठपिशवीत तांदूळ. हे करा आधी, मग भांडा.

जांभादगड:
ताई, पोटरी म्हणजे पायच ना, मग तुमचं मत माझ्या बाजूला धरू का?

निशिगंध७:
अजिबात नाही. तुम्ही बार पाठीवर घेऊन जे काय करता आणि व्हिडिओ टाकता ते मला सुरवातीच्या माणसासाठी धोक्याचं वाटतं. जिममधला ट्रेनर सगळ्यांना एकच चार्ट देतो, कोण किती पळतं विचारत पण नाही.

बैठकवाला_काका:
आमच्या वेळी जोर-बैठका होत्या, तुमच्या त्या मशिनी नव्हत्या. अविनाश साबळे बघा, बीडच्या मांडव्याचा पोरगा, सैन्यात गेला, 2022 च्या राष्ट्रकुलात स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत 8 मिनिटं 11.20 सेकंद, रौप्य. त्या स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी. पायात ताकद नसताना होईल?

रापणकर:
काका, रविवारी मी पळतो तिथे अडथळा म्हणजे फक्त कुत्रे.

कातळशिल्प_खेड:
साबळेचं उदाहरण कुठल्याच बाजूने नको, त्याच्या एका आठवड्याएवढं आपण महिन्याला पळत नाही.
माझं म्हणाल तर पावसाळा वापरा. जून ते सप्टेंबर रस्त्यावर शेवाळ, बाहेर पळणं आपोआप कमी होतं, तेव्हा आठवड्यातून दोनदा लेग, जड आणि थोडं. ऑक्टोबर उजाडला की एकदाच, टिकवण्यापुरतं. आणि लेग मारायचे ते जोरात पळण्याच्याच दिवशी संध्याकाळी, आरामाच्या दिवशी नाही, नाहीतर आराम कधी मिळतच नाही.

रापणकर:
पावसाळ्यात एकदा करून बघीन, दोनदा नाय. कुठल्या दिवशी?

जांभादगड:
तुझा स्पीडचा दिवस गुरुवार ना, मग गुरुवार संध्याकाळ. स्क्वॉट तीन सेट, डेडलिफ्ट तीन, आणि ताईंची पोटरी. पाऊण तासात बाहेर.

रापणकर:
आणि बेंच?

जांभादगड:
बेंच नाही.

रापणकर:
मग राहूदे.