एअर फ्रायर नवीन घेतलाय: फ्राइज कच्च्या, कोथिंबीर वडी कोरडी, भजी जाळीला. कुठे चुकतंय?

रानमेथी
४.१ लिटरचा, १५०० वॅटचा, ड्रॉवरसारखी बास्केट ओढायची तसला एअर फ्रायर घेतला आहे. घरात चार माणसं. अर्धा किलो बटाट्याच्या फ्राइज २०० ला १५ मिनिटं ठेवल्या, तर वरच्या करपल्या, मधल्या मऊ आणि आतून कच्च्या. कोथिंबीर वडी तेल न लावता १८० ला १५ मिनिटं ठेवली. कडक झाली आणि वर पीठ पांढरं दिसत होतं. कांदाभजीचं पीठ जाळीतून खाली गेलं आणि तिथेच चिकटलं.
दर वेळी आधी गरम करून घ्यायचा का? तेल किती लावायचं? आपल्याकडचे कोणते पदार्थ यात खरोखर चांगले होतात आणि कोणत्यांचा नाद सोडावा? मासे करायचेच आहेत.

खलबत्ता
नावात फ्रायर असला तरी हा तळत नाही. वर कॉइल, तिच्यावर पंखा, खाली भोकांची जाळी. म्हणजे जोरात हवा फिरवणारा छोटा ओव्हन. आणि हवा तेलाच्या मानाने फार हळू उष्णता देते. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये हात क्षणभर घालता येतो, तेवढ्याच गरम तेलात बोटसुद्धा बुडवता येत नाही, यावरून फरक ध्यानात येईल. तुमचे तिन्ही पदार्थ इथेच बिघडले आहेत.

भजी: पातळ पीठ तेलात पडताक्षणी चहूबाजूंनी आवळतं. हवेत ते आवळायच्या आत ओघळतं. त्यामुळे कांदाभजी, बटाटेवडा, मिरचीभजी कढईतच करा. पीठ घट्ट केलं, तेल वाढवलं तरी फार तर भाजलेल्या पिठाचा गोळा मिळतो. कढईत तळलेले वडे दुसऱ्या दिवशी गरम करायला मात्र याच्यासारखं साधन नाही: १६० ला ५ मिनिटं. मायक्रोवेव्हसारखं आवरण लिबलिबीत होत नाही.

वडी: कोथिंबीर वडी आणि अळूवडी या यंत्रासाठीच केल्यासारख्या आहेत, कारण त्या आधीच वाफवून शिजलेल्या असतात. इथे फक्त वरचा थर खमंग करायचा असतो. उंडे पूर्ण गार झाल्यावर १ सेंमी जाडीच्या वड्या कापा; गरम असताना कापल्या तर चुरा होतो. दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा, १० ते १२ वड्यांना एक ते दीड छोटा चमचा पुरतं. १८० ला १० मिनिटं, सहाव्या मिनिटाला उलटा. पीठ पांढरं राहिलं ते तेल नव्हतं म्हणून. कोरड्या पिठाला नुसत्या हवेने रंग येत नाही, ते फक्त सुकत जातं. अळूवडीच्या पानाची मोकळी टोकं पंख्याने उचलली जाऊन काळी पडतात, तिथे तेल नीट लावा.

फ्राइज: यात तीन गोष्टी आहेत. काप १ सेंमी जाड आणि सगळे सारखे हवेत. कापल्यावर ३० मिनिटं गार पाण्यात ठेवा, पाणी एकदा बदला, म्हणजे वरचं पिठूळ सुटं होतं. तेच एकमेकांना चिकटवतं. मग पंचावर पसरून अगदी कोरडे करा. ओलं राहिलं तर सुरुवातीची सगळी उष्णता ते पाणी उडवण्यात जाते आणि काप वाफेत शिजून मऊ पडतात. अर्धा किलोला एक मोठा चमचा तेल हाताने चोळा. मीठ शेवटी, आधी घातलं तर पाणी सुटतं.
आधी १६० ला १० मिनिटं म्हणजे आत शिजतात; मग २०० ला ८ ते १० मिनिटं, दर ४ मिनिटांनी बास्केट हलवायची. तुमच्या आकाराच्या बास्केटमध्ये अर्धा किलो म्हणजे वरची मर्यादा समजा. ३०० ग्रॅम टाकून बघा, फरक लगेच कळेल. थरावर थर आला की मधल्यांना हवाच लागत नाही. आणखी एक, फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा वापरू नका. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि आत शिजायच्या आधी वरून तपकिरी होतो.

आधी गरम करणं: वडी, मासे, कबाब अशा झटपट होणाऱ्या पदार्थांना ३ ते ५ मिनिटं कराच. फ्राइज, वांगं, शेंगदाणे यांना गरज नाही.

सुंगटा
माशांचं सांगतो. सुरमईच्या दीड सेंमी जाडीच्या तुकड्या घ्या. मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून २० मिनिटं ठेवा, मग सुटलेलं पाणी निथळून टाका. बहुतेकांचं चुकतं ते रव्याशी. तव्यावर रवा तेल पिऊन लाल होतो, इथे कोरडा रवा पांढराच राहतो आणि दाताखाली वाळूसारखा लागतो. म्हणून ४ मोठे चमचे बारीक रवा, एक मोठा चमचा तांदळाचं पीठ आणि २ छोटे चमचे तेल आधी बोटांनी चोळून घ्या आणि मग त्यात तुकड्या घोळवा. फ्रायर २०० ला ५ मिनिटं तापवा, जाळीला तेलाचा हात फिरवा, तुकड्या सुट्या ठेवा. एका बाजूने ५, उलटून ४ ते ५ मिनिटं. तापलेल्या जाळीवर मासा चिकटत नाही. थंड जाळीवर ठेवला तर उलटताना कातडं जाळीलाच राहतं.

बांगडा त्याहून सोपा. त्याच्या अंगचंच तेल असतं, म्हणून चिरा पाडून मसाला भरायचा, रवा नको, वरून दोन थेंब तेल पुरे. मध्यम आकाराचा अख्खा बांगडा २०० ला १२ ते १४ मिनिटं. पण तेच तेल खालच्या भांड्यात टपकून धूर करतं. जाळीखाली दोन मोठे चमचे पाणी घालून ठेवा, धूर थांबतो. चिकन तंगडीलाही हेच. तंगडी १८० ला २२ ते २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. हाडाजवळ टोचल्यावर पाणी गुलाबी आलं तर आणखी ५ मिनिटं.

बोंबील यात करू नका. फडक्यात घालून वजनाखाली तासभर दाबला तरी पाणी सुटत राहतं आणि कुरकुरीत व्हायच्या आत तो मोडतो. बोंबील तव्यावरच.

तांब्याची_तार
जोडणीकडे दुर्लक्ष करू नका. १५०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर हा भार सतत पडला की पिना तापतात, प्लास्टिक पिवळं पडून वितळतं. १६ अँपिअरचाच पॉइंट वापरा. एक्स्टेंशन बोर्ड नको. त्याच पॉइंटवर मल्टिप्लग लावून मायक्रोवेव्ह चालवणं तर अजिबात नको. मागून गरम हवा बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून किमान १० ते १५ सेंमी लांब ठेवा आणि वर लगेच लाकडी कपाट नको. वीज फार लागत नाही: २० मिनिटं सलग चालला तरी अर्धा युनिट, आणि थर्मोस्टॅट मधे मधे कॉइल बंद करतो त्यामुळे त्याहून कमीच.

बास्केटचा लेप टिकवायचा असेल तर तीन सवयी सोडा. तारेची घासणी, स्टीलचा चिमटा आणि डब्यातला तयार ऑइल स्प्रे. त्या स्प्रेमध्ये लेसिथिन असतं, ते तापून चिकट पिवळा थर बसतो, तो निघत नाही. काढायला जाल तर लेप जातो. साधं तेल पंपाच्या बाटलीत भरा किंवा सिलिकॉनचा ब्रश घ्या. बास्केट गरम असताना गार पाण्याखाली धरू नका, निवल्यावर कोमट साबणाच्या पाण्यात १५ मिनिटं भिजवा. भज्यांचं चिकटलेलं पीठही असंच सुटेल, लाकडी उलथन्याने हळू काढा. महिन्यातून एकदा प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर कॉइलवरचं तेल ओलसर मऊ ब्रशने पुसा. नंतर येणारा जळका वास बहुधा तिथूनच येतो.

बेकिंग पेपर रिकाम्या बास्केटमध्ये घालून तापवू नका. पंखा तो उचलतो आणि कॉइलला चिकटून जळतो.

रानमेथी
सगळ्यांचे मनापासून आभार, वडी आणि फ्राइजचं गणित आता नीट समजलं. एकादशीसाठी साबुदाणा वडा जमेल का? आणि पापड, कुरडया?

खलबत्ता
साबुदाणा वडा जमतो, शिवाय कढईत वडा फुटून तेल उडतं ती भीती नाही. एक वाटी साबुदाणा धुऊन, जेमतेम बुडेल एवढ्याच पाण्यात ४ ते ५ तास भिजवा. बोटात दाणा सहज चेपला गेला पाहिजे. कडक राहिलेला दाणा तेलात निदान फुलतो, इथे तो खड्यासारखा लागतो. दोन मध्यम उकडलेले बटाटे पूर्ण गार करून किसा, अर्धी वाटी कूट. वडे गोल नाही, चपटे थापा, दीड सेंमीपेक्षा जाड नकोत, कडांच्या भेगा बुजवा. दोन्हीकडून तेल लावून १९० ला १५ ते १८ मिनिटं, दहाव्या मिनिटानंतरच उलटा. आधी उलटलात तर वरचा थर जाळीला राहतो. गरमच खायला द्या, गार झाल्यावर चिवट होतात.

त्याच दिवशी कुटासाठी शेंगदाणेही यातच भाजून घ्या: पाव किलो, १६० ला १० ते १२ मिनिटं, दर ४ मिनिटांनी हलवत. गार होईपर्यंत कुरकुरीतपणा कळत नाही, म्हणून मऊ वाटले तरी वेळ वाढवत बसू नका. सालं बाहेर काढल्यावरच पाखडा. पातळ पोहे यात कधीच घालू नका, उडून थेट कॉइलवर जातात.

उडदाचा पापड दोन बाजूंना तेलाचं बोट लावून, वर तारेची छोटी जाळी ठेवून १८० ला दीड ते दोन मिनिटं. जवळच उभं राहा, पुढच्या अर्ध्या मिनिटात करपतो. कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्यांना मात्र कढईच. त्यांना एकदम सगळीकडून उष्णता लागते तेव्हा त्या फुलतात, हवेत त्या फुलायच्या आत वाळून कडक होतात.

सुंगटा
वांग्याचं भरीत राहिलं. भरताच्या वांग्याला तेल लावून चार ठिकाणी टोचा, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं. २०० ला २० ते २५ मिनिटं, अर्ध्यात फिरवून. गर छान शिजतो पण धुराचा वास येत नाही. त्यासाठी शेवटी गॅसच्या ज्योतीवर दोन मिनिटं धरा, किंवा भरीत पातेल्यात काढून वाटीतल्या निखाऱ्यावर थेंबभर तेल सोडा आणि ५ मिनिटं झाकून ठेवा. निखारा फ्रायरच्या आत मात्र कधीही ठेवू नका.