'नियंत्रित गट' : नियंत्रण कोणावर?

अनुस्वार : समाजशास्त्रातल्या प्रायोगिक पद्धतींवरचं एक प्रकरण मराठीत आणतोय. 'कंट्रोल ग्रुप', म्हणजे प्रयोगात ज्यांच्यावर काहीच करत नाहीत, फक्त तुलनेला ठेवतात तो गट. त्याला सवयीने 'नियंत्रित गट' लिहिलं. संपादकबाई विचारतात, ज्या गटाला काहीच करायचं नाही तो नियंत्रित कसा? पर्याय सुचवा.

खटपट्या : पाठ्यपुस्तकांत तोच आहे. चालू द्या.

बोरूबहाद्दर : 'कंट्रोल'चं मूळ हिशेब ताडून पाहायच्या जोडवहीत आहे. म्हणजे आपला ताळा! 'ताळागट' म्हणा. आमचे मास्तर ताळा न केलेलं गणित तपासायचेच नाहीत.

निरीक्षक : ताळेबंद आठवतो हो. 'तुलनागट' काय वाईट?

अनुस्वार : तुलना साध्या सर्वेक्षणातही असते. इथे कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या ठरवतात, म्हणून तर फरक कशामुळे पडला ते छातीठोक सांगता येतं. त्यावरून आठवलं, 'रँडम'ला 'यादृच्छिक' चालेल?

बोरूबहाद्दर : छे! यदृच्छा म्हणजे मनाला येईल तसं. नेमकं तेच इथे वर्ज्य. 'सोडतीने विभागणी'.

खटपट्या : विद्यार्थी रँडमच म्हणतात. सोडत म्हटलं की त्यांना घरं आठवतील.

पिंपळपान : शब्द कुठलाही घ्या, आपल्यावर कुणाची नजर आहे म्हटल्यावर माणूस नेहमीसारखा वागतो का? अमेरिकेतल्या हॉथॉर्नच्या कारखान्यात दिव्यांचा उजेड बदलून पाहिला, तर आपल्याला कुणी पाहतंय म्हणूनच कामगारांचं काम वाढलं म्हणतात ना?

निरीक्षक : तिथल्या दिव्यांच्या प्रयोगाचे आकडे पुढे पुन्हा तपासले, तर दंतकथेइतका परिणाम काही दिसेना. आणि नजरेची अडचण टाळायलाच क्षेत्रीय प्रयोग असतात, म्हणजे प्रयोगशाळेबाहेर, रोजच्या व्यवहारात केलेले. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नोकऱ्या मागायला गोरे आणि काळे तरुण पाठवले. २००३ सालचा निबंध आहे. गुन्ह्याची नोंद सांगणाऱ्या गोऱ्यांना १७ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, नोंद नसलेल्या काळ्यांना १४. संशोधकाने नुसतं विचारलं तर हे कुठला मालक कबूल करेल?

पिंपळपान : पण त्या मालकांची संमती? शिवाय भेदभाव होतो एवढं कळलं, तो त्यांच्या मनात कसा रुजला ते नाही. आणि गरिबी, घटस्फोट, दंगल यांच्या चिठ्ठ्या कोण काढणार?

बोरूबहाद्दर : मुळात 'प्रयोग' हाच शब्द निसरडा. नाटकाचा प्रयोग, कर्मणी प्रयोग...

निरीक्षक : नाटकाचा अगदी चपखल बसतो. संहिता तीच, प्रेक्षागृह बदललं की रंग वेगळा. अमेरिकेतल्याच मिनिॲपोलिसात पोलिसांनी कुणाला अटक करायची ते सोडतीने ठरवून पाहिलं; अटकेनंतर घरातली मारहाण पुन्हा होणं घटलं, इतर शहरांत तोच प्रयोग केला तर निकाल एकसारखे आले नाहीत.

अनुस्वार : मंडळी, बाईंना काय कळवू?

खटपट्या : ते राहू द्या. 'क्षेत्रीय प्रयोग' कुठून काढलात? क्षेत्रीय म्हणजे झोनल!

बोरूबहाद्दर : क्षेत्र म्हणजे शेत. झोनल नंतरचं.