आधी अर्धं की आधी तिरका गुणाकार?

पाचवीची शिक्षिका, मानेवाडा
काल फळ्यावर ३/८ आणि ४/७ लिहिले, मोठा कोणता विचारलं. एकानं तिरका गुणाकार, म्हणजे एकाचा अंश गुणिले दुसऱ्याचा छेद, बिनचूक केला, ३×७ = २१ आणि ४×८ = ३२ आले. पण मांडताना बाजू उलटली आणि ३/८ मोठा ठरला. मी विचारलं, "आठ तुकड्यांतले तीन घेतले, तर अर्धी पोळी झाली का रे?" तो थांबला. "नाही मॅडम, अर्धीला चार लागतात." आणि सातातले चार? "अर्धीला साडेतीन... म्हणजे हे जास्त!" खोडरबर त्यानं स्वतःच काढलं.
माझं ठाम मत आहे, अपूर्णांकांचा लहानमोठेपणा शिकवताना शून्य, अर्धा आणि एक या खुणा आधी पक्क्या करा. समच्छेद (दोन्हींचे छेद सारखे करणं), तिरका गुणाकार नंतर.

शिकवणी घेणारे सर, प्रतापनगर
मॅडम, नाही पटत. ५/९ आणि ४/७ द्या. दोन्ही अर्ध्याच्या वर, आता पोट्ट्यानं काय करायचं? शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न, ९० मिनिटं. प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. तिथं दरवेळी चालणारी एकच रीत पाहिजे. इथं ३५ आणि ३६ आले, ४/७ मोठा, पुढचा प्रश्न. दोन रीती दिल्या की कच्चं पोट्टं कोणती वापरू यातच अडकतं.

एक आई, धरमपेठ
सर, माझी लेक १/२ पेक्षा ३/८ मोठा म्हणते. का, तर तीन एकाहून मोठा आणि आठ दोनाहून मोठा. ही समजूत गुणाकारानं कशी जाणार?

आजोबा, महाल
आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे घोकले. 'पाऊण' म्हणजेच पाव उणा. आपली भाषाच जवळची खूण धरून मोजते. माझा नातू 'तीन छेद चार' झरझर वाचतो, पण बुधवार बाजारात पाऊण किलो वांगी सांगितली की माझ्या तोंडाकडे बघतो. याचं फार वाईट वाटतं जी.
सर, ७/८ आणि ८/९ घ्या. एकाला आठवा तुकडा कमी, दुसऱ्याला नववा. नववा लहान, म्हणून ८/९ मोठा. गुणाकार कशाला?

शिकवणी घेणारे सर
काका, हे उदाहरण जमणारंच निवडलंत. पेपर काढणारा असं निवडून देत नाही.

पाचवीची शिक्षिका
सर, तुमचंच ५/९ घेते. नवाचं अर्धं साडेचार, म्हणजे अर्ध्यापेक्षा नवव्या तुकड्याचा अर्धा भाग जास्त. ४/७ मध्ये सातव्या तुकड्याचा अर्धा भाग जास्त. सातवा तुकडा मोठा, म्हणून ४/७. हे सगळ्यांना जमणार नाही, मान्य. त्यांनी खुशाल गुणाकार करावा. पण आलेलं उत्तर अर्ध्याला लावून बघायची सवय नसेल, तर कालच्यासारखं उलटं उत्तर तसंच वहीत राहतं.

शिकवणी घेणारे सर
पडताळा म्हणून मान्य, उद्यापासून करून घेतो. पहिली रीत म्हणून अजूनही नाही.